खजिन्याच्या बेटावरील अंधार

इंग्रजी भाषेत चाच्यांच्या साहसकथा अनेक लिहिल्या गेल्या; परंतु रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ने मिळवलेले स्थान दुसऱ्या कोणत्याही कथेला मिळाले नाही. हे पुस्तक किशोरांचे, हा समजही तितकाच दृढ आहे. त्यामुळे २०१२ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीने या कादंबरीचे दोन भागांतील रूपांतर सादर केले, तेव्हा अनेक प्रेक्षक चकित झाले असतील. त्यात चाच्यांप्रमाणेच सभ्य म्हणवणारा जमीनदार ट्रिलॉनीही लोभाने आंधळा झालेला दिसतो. पुढे २०१४ ते २०१७ या काळात एका अमेरिकन मालिकेने कादंबरीपूर्वीचा काळ कल्पून सिल्व्हर आणि फ्लिंट यांचे जग अधिकच रक्तरंजित करून दाखवले. मुलांच्या निर्मळ कथेत हा अंधार बाहेरून आणून भरला, अशी तक्रार यावर करता येईल. परंतु स्टीव्हन्सनचे चरित्र पाहिले, तर ही तक्रार टिकत नाही.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरो येथे झाला. आजोबांनी बेल रॉकच्या खडकावर दीपगृह उभारले होते आणि पिता टॉमस हाही दीपगृहांचा नामांकित अभियंता होता. खलाशांना प्रकाश दाखवणे हा या घराण्याचा व्यवसाय. त्या घरातील हा एकुलता एक मुलगा मात्र छातीच्या विकाराने रात्ररात्र जागा असे. त्याची सांभाळ करणारी दाई प्रेमळ होती आणि कडवी धर्मनिष्ठही होती. ज्या हातांनी ती त्याला थोपटी, त्याच हातांनी ती धर्मग्रंथ उघडून नरकाचे भय त्याच्या मनात उतरवी. माया आणि भीती एकाच व्यक्तीकडून मिळू शकतात, हे त्याला इतक्या लहानपणी कळले.

त्याच्या खोलीत लाकडाचे एक कपाट होते. ते घडवणारा ब्रॉडी हा एडिंबरोतील प्रतिष्ठित नागरिक. दिवसा तो कारागिरांचा पुढारी म्हणून मिरवी आणि रात्री घरे फोडी. १७८८ साली त्याला फाशी झाली. पुढे १८८६ मध्ये जेकिल आणि हाइड यांची कथा लिहिणाऱ्या लेखकाचे बालपण अशा कपाटाच्या सावलीत गेले.

तारुण्यात पिता-पुत्रांचा संघर्ष पेटला. मुलाने १८७१ मध्ये अभियांत्रिकी सोडली. वडिलांच्या समाधानासाठी त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. आपली धर्मश्रद्धा उरलेली नाही, हे १८७३ मध्ये त्याने खरेपणाने सांगितले, तेव्हा घरावर दुःखाची छाया पसरली. पिता दुष्ट नव्हता आणि मुलगा कृतघ्न नव्हता; तरीही दोघांनी एकमेकांना खोल जखमा केल्या. फॅनी ऑसबर्न ही त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, मुलेबाळे असलेली विवाहित अमेरिकन स्त्री. तिच्यासाठी स्टीव्हन्सन १८७९ मध्ये आईवडिलांना न सांगता कॅलिफोर्नियाला निघून गेला आणि तेथे आजाराने व दारिद्र्याने मरणाच्या दारी पोचला. शेवटी वर्षाला २५० पौंड देण्याचे आश्वासन वडिलांच्याच तारेने आले. फॅनीचा घटस्फोट झाल्यावर मे १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला.

‘ट्रेझर आयलंड’चा जन्म या समेटानंतरचा आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे राहत होते. पावसाने बाहेर पडणे अशक्य केले होते. तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड याच्या करमणुकीसाठी एका कल्पित बेटाचा नकाशा तयार झाला आणि नकाशातून कथा सुचली. रोज एक प्रकरण लिहावे आणि घरच्यांना वाचून दाखवावे, असा क्रम सुरू झाला. मुलाच्या लेखनव्यवसायावर नाराज असलेले टॉमस स्टीव्हन्सन या खेळात मुलासारखे रमले. बिली बोन्सच्या पेटीत काय काय सापडावे, याची यादी त्यांनीच करून दिली. ही कथा ‘यंग फोक्स’ या साप्ताहिकात टोपणनावाने क्रमशः आली, तेव्हा तिची फारशी वाहवा झाली नाही. पुस्तक १८८३ मध्ये निघाले. त्यासाठी लेखकाला १०० पौंड मिळाले. तिशी उलटूनही वडिलांच्या पैशांवर जगणाऱ्या माणसाला खजिन्याची ओढ कशी असते, हे कल्पनेने जाणण्याची गरज नव्हती.

या कथेचा प्राण म्हणजे एक पाय नसलेला लाँग जॉन सिल्व्हर. त्याचे बीज स्टीव्हन्सनचा मित्र, कवी हेन्ली याच्यात होते. हाडांच्या क्षयाने हेन्लीचा एक पाय गेला होता. दुसरा पाय वाचवण्यासाठी तो एडिंबरोच्या रुग्णालयात शल्यविशारद लिस्टरकडे उपचार घेत असताना, १८७५ मध्ये दोघांची भेट झाली. त्याचा गडगडाटी आवाज, हास्य आणि अपंगत्वाला न जुमानणारी ताकद स्टीव्हन्सनने उचलली. मित्राचे सद्गुण वगळले आणि एक खुनी उभा केला. पुढे १८८८ मध्ये फॅनीच्या एका कथेवरून हेन्लीने चौर्याचा आरोप केला आणि ही मैत्री कायमची तुटली. स्टीव्हन्सनच्या मृत्यूनंतर, १९०१ मध्ये, हेन्लीने त्याच्याविषयी जे कडवट लिहिले, ते वाचून अनेकांना धक्का बसला.

कादंबरीतील अंधार नेमका येथे आहे. जिमला सिल्व्हर आवडतो. शरण न येणाऱ्या एका खलाशाला सिल्व्हर कुबडी फेकून पाडतो आणि सुऱ्याने ठार करतो, हे झाडाआडून पाहिल्यावरही ती ओढ पूर्णपणे तुटत नाही. शेवटी सिल्व्हर एक थैली घेऊन पळतो आणि कोणालाही त्याचे दुःख होत नाही. सभ्य मंडळी तीन चाच्यांना निर्जन बेटावर सोडून परततात. सिल्व्हरच्या पोपटाने गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या जहाजाची लूट पाहिली होती, असे तो सांगतो. १७२१ साली रियुनियन बेटापाशी तसे जहाज खरोखरच लुटले गेले होते. या सोन्यावर माणसांचे रक्त आहे, हे लेखक विसरत नाही. म्हणून खजिना मिळूनही जिमला आनंद होत नाही. त्या बेटावर पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, असे तो ठरवतो आणि त्या पोपटाचे ओरडणे स्वप्नात ऐकून दचकून उठतो.

स्टीव्हन्सनने अखेरची वर्षे सामोआ बेटावर काढली. जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांनी त्या भूमीवर चालवलेली ओढाताण त्याने १८९२ मध्ये निर्भयपणे मांडली. तुरुंगात पडलेल्या स्थानिक सरदारांना त्याने अन्न आणि धीर दिला. सुटल्यावर, १८९४ मध्ये, त्यांनी कृतज्ञतेने त्याच्या घरापर्यंत स्वतः रस्ता बांधून दिला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, तो मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावला. सामोअन लोकांनी झाडी तोडून वाट काढली आणि डोंगरमाथ्यावर त्याला पुरले. खजिन्याची गोष्ट लिहिणाऱ्याला बेटावर लाभलेले धन हे होते.

तेव्हा नव्या मालिकांना दोष द्यायचा, तर त्या अंधार दाखवतात म्हणून देऊ नये. रक्ताचे सडे दाखवून त्या अनेकदा सोपा मार्ग पत्करतात, हा त्यांचा दोष आहे. दुष्ट माणूस दिसायलाही दुष्ट असतो, असे मुलांना शिकवणे सोयीचे असते. पण मोठेपणी त्यांना फसवणारी माणसे बहुधा हसतमुख, हुशार आणि मायाळू असतात. ही जाणीव स्टीव्हन्सनने एका पावसाळी उन्हाळ्यात, आपल्या घरातील मुलाला हसवता हसवता दिली. आपल्या शिक्षकांनी हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा: सिल्व्हर तुला आवडला का, आणि आवडला असेल तर का? त्या उत्तराला गुण देण्याची घाई मात्र करू नये.