देवळालीचे कापरेकर मास्तर

विद्येच्या देवतेचा उत्सव आला की स्मरणिकांतून संत, कलावंत, मुत्सद्दी यांची चरित्रे येतात. यंदा आम्ही एका शाळामास्तरांचे स्मरण करीत आहोत.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. वयाच्या आठव्या वर्षी आई गेली आणि वडिलांनीच त्यांना वाढवले. शाळा ठाण्याला झाली, पुढचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि लवकरच नाशिकजवळ देवळालीला शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी मास्तरकीच केली.

डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून त्यांनी काही संख्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. त्यांतली सर्वांत देखणी पाहा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, नवापर्यंत चढतात आणि तसेच एकापर्यंत उतरतात. उलटी वाचली तरी संख्या तीच. ही येते कुठून? नऊ एके ओळीने लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. कडेच्या रकान्यात एकच १ येतो, मधल्या रकान्यात नऊ. कुठेही हातचा येत नाही. दहा एके घेतले की मधली बेरीज १० होते, हातचा येतो आणि ही सुबक शिडी मोडते.

आणखी एक गंमत. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. कारण १११११११११ म्हणजे १२३४५६७९ ची नऊपट. वर्ग करताना नवाचाही वर्ग होतो. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना मास्तरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे म्हटले. ही संख्या त्यांच्या दोन्ही कुळांतली!

पण हा आनंद सगळ्यांना कळला नाही. मास्तरांकडे गणितातली वरची पदवी नव्हती. अनेक विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. मास्तर स्वतःच पुस्तिका छापून काढीत. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा नवलाचा गुणधर्म मांडला. जगाचे लक्ष मात्र १९७५ मध्ये गेले, जेव्हा मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. दरम्यान पत्नी निवर्तल्या होत्या आणि पेन्शन पुरत नसल्याने ते शिकवण्या करीत. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. आज कापरेकर स्थिरांक जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आपण मुलांना गणितात मार्क किती पडले ते विचारतो, मजा आली का हे क्वचितच. म्हणून आमची एक विनंती. आज आरतीनंतर मुलांना कागद-पेन्सिल द्या आणि नऊ एक्यांचा वर्ग हातानेच करायला सांगा. शिडी उतरताना त्यांचे चेहरे पाहा. मास्तरांचे आयुष्य कशात गेले ते आपोआप कळेल.