विश्लेषण : खडी तोलून घेणारे मॅकॅडम, २०० वर्षांपूर्वी रस्त्यांचा दर्जा कसा सुधारला?

ग्रामीण रस्त्यांच्या कामांत ‘डब्ल्यूबीएम’ हा शब्द नेहमी कानावर पडतो. ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ हे त्याचे पूर्ण रूप. त्यातील ‘मॅकॅडम’ हे एका माणसाचे आडनाव आहे.

कोण होते मॅकॅडम?

जॉन लाउडन मॅकॅडम यांचा जन्म १७५६ मध्ये स्कॉटलंडमधील एअर येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर ते १७७० मध्ये न्यूयॉर्कला काकांकडे गेले आणि व्यापारात स्थिरावले. १७८३ मध्ये मायदेशी परतल्यावर ते एअरशायरमधील रस्त्यांचे विश्वस्त झाले.

रस्ते का बिघडत?

ब्रिटनमधील अनेक मुख्य रस्ते तेव्हा स्थानिक टोल मंडळांकडे होते. टोल वसूल होई, पण देखरेख करणाऱ्यांना कामाची माहिती नसे. माती मिसळलेले लहानमोठे दगड रस्त्यावर ओतले जात. पावसाचे पाणी मुरले की चाके रुतत आणि पुन्हा दुरुस्तीवर पैसा जाई.

त्यांनी काय बदलले?

१८१६ मध्ये ब्रिस्टल परिसरातील रस्ते मॅकॅडम यांच्या हाती आले. रस्ता कुठे दगा देतो, हे हेरून त्यांनी तिथेच बंदोबस्त केला.

पाणी : जमीन कोरडी राहिली तर तीच भार पेलते, हे त्यांचे सूत्र. म्हणून रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच, मध्ये किंचित फुगीर आणि कडेला चर.

साहित्य : मातीविरहित, फोडलेली खडी. एकही दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जड नको. तपासणीसाठी साधा तराजू पुरे.

देखरेख : जाणकार, पगारी अधिकारी आणि चोख हिशेब.

खाली मोठ्या दगडांचा पाया घालण्याची गरज नसल्याने खर्चही वाचला. ही पद्धत युरोप आणि अमेरिकेत पसरली.

पुढे काय झाले?

प्रयोगांसाठी मॅकॅडम यांनी पदरचा पैसा घातला. संसदेने नंतर त्यांना भरपाई दिली. सरदारकीचा किताब त्यांनी नाकारला. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मोटारी आल्यावर या रस्त्यांवर धुरळा उडू लागला आणि खडीवर डांबर आले. तपासणी मात्र सुटली नाही. डब्ल्यूबीएमची खडी आज चाळणीने तपासली जाते. ती अंथरण्याआधी तपासली, तरच उपयोग. खड्डा पडल्यावर हाती उरते ती फक्त दुरुस्ती.