कोटितीर्थाकाठचे आबालाल

गेल्या वर्षी निसर्गचित्राच्या तासाला आम्ही रंकाळ्यावर गेलो होतो. संध्यामठ काढायला बसलो आणि माझे पाणी व आकाश एकमेकांत मिसळून नुसता चिखल झाला. सरांनी कागदाकडे पाहिले आणि एवढेच सांगितले, की टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन आधी आबालाल पाहून ये.

मी गेलो. आणि मग या माणसाच्या मागेच लागलो.

आबालाल रहिमान कोल्हापूरचेच. घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याची परंपरा. रेषेचा संयम त्यांना घरातूनच मिळाला असावा. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक मिळवले. मुंबईत नाव झाले असते, पण ते कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. तरी त्यांचे खरे मन दरबारात नव्हते. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट, पावसाळी उजेड हेच त्यांचे विषय. त्यांच्या जलरंगात झाड पानापानाने काढलेले नसते. ओल्या रंगाच्या ठिपक्यांतून ते आपोआप उभे राहते. बाबूराव पेंटरांसारख्या पुढच्या पिढीने त्यांनाच गुरुस्थानी मानले.

त्याच काळात अमेरिकेत जॉन मॅरिन मेनच्या समुद्रकाठी जलरंगातच झपाटल्यासारखा काम करीत होता. पण त्याच्या पाठीशी न्यूयॉर्कमध्ये स्टीग्लिट्झ आणि त्याची चित्रशाळा होती. चित्रे भिंतीवर लागत, विकली जात, जपली जात. आबालालांचा आधार एकच होता, आणि तो ६ मे १९२२ रोजी गेला. त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात.

ही गोष्ट ऐकली की आमच्यातले काहीजण भारावतात. खरे सांगू? मला रागच येतो. तळ्यात गेले ते त्यांचे एकट्याचे नव्हते, आमचेही होते. आणि लगेच वाटते, उरलेले तरी आम्ही कितीजण पाहतो? त्या दिवशी संग्रहालयात त्या चित्रांपुढे माझ्याखेरीज कोणीही नव्हते.

१९३१ साली आबालाल गेले. मी संध्यामठाचे दुसरे चित्र काढले आहे. पाणी अजून जमत नाही. आकाश मात्र थोडे सुटे झाले आहे.