पायरीवरचे सरदार श्रीहैबतबाबा

चार माणसे एका कामाला लागली की त्यांत एक पुढे चालणारा हवा, हे खरे. पण हल्ली गावोगाव मंडळे निघतात, फलक लागतात, फलकावर आधी नाव कोणाचे आणि फोटो केवढा यावरून रुसवेफुगवे होतात, आणि वर्षा-दोन वर्षांत मंडळ मोडते. अशा वेळी ज्यांनी घालून दिलेल्या शिस्तीत आज लाखो माणसे आळंदीहून पंढरीला चालत जातात, त्या श्रीहैबतबाबांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे. ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी ते सरदार होते. घोडा, हत्यार, हाताखाली माणसे, कशाला तोटा नव्हता. सांगतात ते असे की, एकदा मुलखाकडे परतताना सातपुड्याच्या रानात लुटारूंनी त्यांना धरले आणि गुहेत कोंडले. तिथे बाबांनी हरिपाठाचा आधार घेतला आणि ते त्यातून सुखरूप सुटले. मग मात्र त्यांचे मन सरदारकीत रमेना. घरची वाट सोडून ते आळंदीला आले आणि माउलींच्या सेवेत राहिले.

त्या काळी वारीची स्थिती काय होती, हे पाहिले पाहिजे. श्रीतुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत घालून पंढरीला नेण्याची प्रथा पाडली. पुढे वहिवाटीवरून तंटे झाले. तंटा आला की भजन बाजूला राहते, हा अनुभव कुणाला नाही? बाबांनी त्यात न पडता माउलींचा सोहळा स्वतंत्र काढला. ते साल सर्वसाधारणपणे १८३२ धरले जाते. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीचे शितोळे सरकार मदतीस आले. त्यांचे घोडे आजही दरसाल अंकलीहून पायी आळंदीला येतात.

आता बाबांनी केले काय, ते बघा. फौजेत शिकलेले सगळे त्यांनी माउलींच्या पायी वाहिले. माणसांचा नुसता लोंढा चालला तर धक्काबुक्की होते, म्हणून दिंड्या केल्या. दिंडीला क्रम दिला. आज रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि आपला नंबर सोडून कोणी पुढे घुसत नाही. दिंडीत पताकावाले कुठे, टाळकरी कुठे, पखवाजी कुठे, विणेकरी कुठे, हे ठरलेले. सकाळी कोणते अभंग, दुपारी कोणते, तेही ठरलेले. पहाटे कर्णा वाजतो: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला तयारी, तिसऱ्याला चालू लागायचे. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अशी सरते.

पण फौजेत हुकमामागे शिक्षा असते. इथे शिक्षा कसली? वारकरी काही पगारी शिपाई नव्हे, रागावला तर टाळ गळ्यातून काढून घरी जाईल. बाबांच्या परंपरेतली खरी खूण इथे दिसते. मुक्कामाला पोहोचल्यावर समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर उचलतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. कोणत्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढीच दिंडी टाळ वाजवीत राहते. चोपदार त्यांच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. हरवले-सापडले पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती. म्हणजे एका दिंडीचे दुखणे ऐकल्यावाचून माउलींची आरतीसुद्धा होत नाही! ज्याचे ऐकून घेतले जाते तो दुसऱ्याचे ऐकतो. चोपाच्या काठीत जोर आला तो इथून.

एवढे उभे करणाऱ्याने स्वतःसाठी जागा कोणती घेतली? आळंदीला देवळाच्या महाद्वारात पहिल्या पायरीशी बाबांची समाधी आहे. माउलींच्या दर्शनाला जाणाऱ्याचे पाय आधी तिथे लागतात. घोड्यावरून हुकूम सोडणारा सरदार अखेर लोकांच्या पायाखाली राहिला, आणि म्हणूनच कार्तिकातल्या समाधी सोहळ्याचा आरंभ त्याच पायरीच्या पूजनाने होतो.

हे थोरामोठ्यांपुरते आहे असे कोणी समजू नये. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागाला त्र्यंबक काही लांब नाही. पौष वद्य एकादशीला तिथे श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते. समजा, जामसरसारख्या गावातून पंचवीस माणसांची दिंडी निघाली. पंचवीस माणसांतही वीणा कुणाच्या गळ्यात, पुढे कोण, पैसा कुणाकडे, हे प्रश्न येणारच. तेव्हा पुढाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. निघायची वेळ आधी सांगावी आणि आपण पहिल्याने हजर राहावे. ज्याला जे येते ते काम त्याच्याकडे द्यावे, आणि दिले की त्यात लुडबुड करू नये. रोज मुक्कामाला सगळ्यांत शेवटच्या म्हाताऱ्याचे गाऱ्हाणे आधी ऐकावे. आणि जेवणाच्या पंगतीत आपले पान शेवटी मांडावे. एवढे पाळले तर फलकावर नाव नसले तरी लोक पाठोपाठ येतील, आणि पुढाऱ्याच्या मागे दिंडीही चालू राहील.

बाबांना जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्यांचे छायाचित्र नाही, भाषण नाही. पण दर संध्याकाळी वारीच्या तळावर चोप वर गेला की लाखांचा समाज गप्प होतो. पुढारीपणाची याहून मोठी निशाणी आम्हांस तरी ठाऊक नाही.