फलाटावरचे बिशप

आगगाडी बघणे हा छंद असू शकतो, असे आपल्याकडे कुणाला सांगितले तर ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे बघतो. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रे जमवणारे आपल्याला समजू शकतात. त्यांच्या हाती निदान काही लागते. पण गाडीत बसायचे नाही, कुणाला पोचवायचे नाही, कुणाला आणायचेही नाही, आणि तरी तासन्‌तास रुळांच्या कडेला उभे राहायचे. ती धडधडत आली की डोळे भरून बघायची, जमल्यास एक फोटो काढायचा आणि घरी परतायचे, याला काय म्हणावे? लहान मुलाने पुलावरून डबे मोजले तर आपण कौतुक करतो. साठीच्या माणसाने मोजले तर घरचे काळजीत पडतात.

इंग्लंडात मात्र असे करणारी शहाणीसुरती माणसे हजारोंनी आहेत. वाफेच्या इंजिनाची एखादी सहलीची गाडी मुख्य मार्गावरून जाणार असली, की कुठल्या चढणीवर, कुठल्या वळणावर ती किती वाजता येईल याचा हिशेब मांडून ही मंडळी पहाटेच घराबाहेर पडतात. त्यांच्या पंथात ज्यांचे नाव फार आदराने घेतले जाते ते गृहस्थ खरोखरीच धर्मगुरू होते. एरिक ट्रेसी त्यांचे नाव. वेकफिल्डचे बिशप म्हणून त्यांना त्यांचा धर्मप्रांत ओळखत होता. वाफेच्या गाड्यांचे छायाचित्रकार म्हणून सारा देश.

ट्रेसींचा जन्म २ जून १९०७ रोजी लंडनच्या विल्सडेन भागात झाला. शिक्षणही लंडनमध्येच, किंग्ज कॉलेजात झाले. १९३२ साली त्यांनी धर्मसेवेची दीक्षा घेतली आणि त्यांचे कार्यक्षेत्र ठरले लिव्हरपूल. ते दिवस जागतिक मंदीचे. गोदीवर काम नाही, घरात चूल पेटण्याची मारामार, आणि रस्त्यावर रिकामी भटकणारी पोरे. अशा वस्तीत तरुण ट्रेसी काम करू लागले. १९३६ मध्ये ते एज हिल येथील सेंट मेरी चर्चचे व्हिकर, म्हणजे मुख्य धर्मगुरू झाले.

एज हिल हे नाव रेल्वेच्या इतिहासात मानाचे. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा रेल्वेमार्ग १८३० साली सुरू झाला, त्याच मार्गावरचे हे ठिकाण. इथे इंजिनांची मोठी शेड होती आणि चर्चच्या वस्तीतली कितीतरी कुटुंबे रेल्वेच्या पगारावर जगत होती. रविवारी चर्चच्या बाकावर बसणारा माणूस सोमवारी पहाटे इंजिनाच्या भट्टीसमोर फावडे घेऊन उभा असे. आपल्या माणसांना भेटायचे तर ती जिथे असतात तिथे गेले पाहिजे, एवढे साधे सूत्र या धर्मगुरूंनी धरले. ते शेडमध्ये जाऊ लागले. हातात कॅमेरा आला तो याच लिव्हरपूलच्या दिवसांत.

आता थोडे या फोटोंच्या तंत्राविषयी. ताशी साठ मैल वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात अठ्ठ्याऐंशी फूट जाते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या शंभराव्या भागापुरती उघडली, तरी तेवढ्यात इंजिन दहा इंचांहून अधिक पुढे सरकलेले असते. म्हणजे चित्र पुसट. पाचशेवा भाग घेतला तर हे सरकणे दोन इंचांवर येते, पण मग प्रकाश अपुरा पडतो, कारण त्या काळच्या फिल्म मंद होत्या. यावर रेल्वेच्या छायाचित्रकारांनी एक तोड काढली होती: चढण गाठायची. चढणीवर गाडी हळू होते, इंजिनाला जोर लावावा लागतो आणि धुराड्यातून वाफ आणि धूर उंच उसळतो. त्यात हवा थंड असली तर वाफ लगेच गोठून पांढरीशुभ्र दिसते. म्हणून या मंडळींना हिवाळ्यातली सकाळ आणि खडी चढण, दोन्ही प्रिय. लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडणारी गाडी खडक फोडून केलेल्या खोल वाटेने एज हिलपर्यंत चढतच येते. ट्रेसींना हवे ते त्यांच्या दारातच होते.

पण तंत्र कुणालाही शिकता येते. ट्रेसींच्या फोटोंना जे वेगळेपण आले ते माणसांमुळे. काढलेल्या फोटोची प्रत ते ड्रायव्हर-फायरमनला नेऊन देत. ज्याच्या अंगाला आयुष्यभर काजळी आणि तेलाचा वास, त्याच्या कामाचे असे देखणे चित्र त्याला आजवर कुणी दिले नव्हते. त्याची फेड रेल्वेवाले आपल्या पद्धतीने करत. अमुक वळणावर व्हिकरसाहेब उभे असणार हे ठाऊक असले, की फायरमन त्या सुमारास भट्टीत नेमका कोळसा टाकी आणि धुराचा भरघोस तुरा कॅमेऱ्यासमोर उभा राही. ट्रेसींच्या चित्रांतला तो प्रसिद्ध धूर बऱ्याच वेळा मैत्रीखातर सोडलेला असे.

दुसरे महायुद्ध आले आणि १९४० मध्ये ट्रेसी सैन्यात धर्मगुरू म्हणून दाखल झाले. १९४५ साली त्यांना एम.बी.ई. हा किताब मिळाला. युद्धानंतर त्यांची नेमणूक यॉर्कशायरमधील कीली या गिरणगावात झाली, पुढे ते हॅलिफॅक्सला आले, १९६१ मध्ये पाँटिफ्रॅक्टचे बिशप झाले. हुद्दा वाढत गेला, कॅमेरा सुटला नाही. लीड्सच्या शेड, एडिंबरोच्या किल्ल्याखालून जाणारी वाट, आणि उत्तरेकडची शॅपची चढण ही त्यांची आवडती ठिकाणे. शॅपला पंचाहत्तर फुटांमागे एक फूट असा चढ आहे. जड गाडी आली की पायथ्याच्या टीबे गावाहून मागे दुसरे इंजिन लावून तिला ढकलत वर नेत. आपल्या बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ, म्हणजे त्याच्या दुप्पट; तिथेही गाडीला मागून इंजिने लावतात, हे पुण्या-मुंबईच्या प्रवाशांना माहीतच आहे. अशा इंजिनाला रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. सारी नोकरी बँकेत काढलेल्या मला हा शब्द प्रथम कळला तेव्हा फार आवडला. स्वतः मागे राहून दुसऱ्याला चढ चढवून द्यायचा आणि माथ्यावरून मुकाट परत यायचे, हे बँकरचे काम असे असेल तर त्यात कमीपणा कसला!

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळू नये. दुरून बघणाऱ्याला वाफेचे इंजिन काव्यमय वाटते. ज्याला ते चालवायचे असते त्याला काय वाटते? गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी भट्टी पेटवायची, राख उपसायची, मग मैलोन्‌मैल टनावारी कोळसा फावड्याने आत लोटायचा. समोर आग, पाठीवर बोचरा वारा. डिझेल इंजिन आले तेव्हा अनेक रेल्वे कामगारांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि त्यात त्यांचे काय चुकले? दुसऱ्याच्या घामाचे चित्र काढून आपण हळहळायचे, हा शौक एका धर्मगुरूला शोभतो का?

मला वाटते, ट्रेसींचे सारे आयुष्य हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. ते नुसते पुलावर उभे राहून बघणारे नव्हते. शेडमधल्या काळोखात, राखेच्या ढिगाऱ्यांत त्यांची ऊठबस होती. कष्ट मोठे होते हे जाणूनच ते त्या कष्टांतले कौशल्य पाहत. चढणीवर वाफेचा दाब घसरू न देणे ही फायरमनची कला आहे, हे त्यांना कळत होते आणि ते त्यांच्या चित्रांत उतरत होते. तुझे काम मी पाहिले, एवढेच एखाद्याला सांगणे हीदेखील धर्मसेवाच नव्हे का? आपल्यापैकी किती जणांच्या कामाकडे असे कुणी थांबून पाहिले आहे?

१९५५ साली ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने मोडीत काढून डिझेल आणि विजेकडे वळण्याची योजना जाहीर केली. तरी नवी इंजिने काही वर्षे बनतच होती. १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून ‘ईव्हनिंग स्टार’ बाहेर पडले. ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले ते शेवटचे वाफेचे इंजिन. चाळीस वर्षे चालेल असे हे धूड अवघ्या पाच वर्षांत सेवेतून काढले गेले. ११ ऑगस्ट १९६८ रोजी वाफेची अखेरची गाडी निघाली. भाडे माणशी पंधरा गिनी, म्हणजे पंधरा पौंड पंधरा शिलिंग. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरी गाडी भरली, आणि मार्गावर दोन्ही अंगांना माणसांची दाटी झाली. ही गाडी सुटली लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकातून, एज हिलची तीच वाट चढून. दुसऱ्या दिवसापासून, एका खासगी इंजिनाचा अपवाद वगळता, मुख्य मार्गांवर वाफेला मज्जाव झाला. योगायोग असा, की ट्रेसी वेकफिल्डचे बिशप झाले तेही १९६८ मध्येच.

ही बंदी तीन वर्षे टिकली. ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘किंग जॉर्ज पाचवे’ या १९२७ सालच्या इंजिनाला एका खास फेरीसाठी परवानगी मिळाली, आणि पुढच्या वर्षापासून काही ठरावीक मार्गांवर वाफेच्या सहलीच्या गाड्या धावू लागल्या. ज्यांनी इंजिने भंगारातून वाचवून, पदरमोड करून, सुट्टीच्या दिवशी हात काळे करून ती दुरुस्त केली, त्या हौशी मंडळींचे हे यश. आता या गाडीत कुणी कामाला जात नव्हते. गाडी तीच, पण तिचा पोटापाण्याशी असलेला संबंध संपला होता. ती जणू माहेरपणाला आली होती.

मार्च १९७८ मध्ये सेटल ते कार्लाइल हा मार्ग या गाड्यांना खुला झाला. बहात्तर मैलांचा हा मार्ग १८७६ पासून प्रवाशांसाठी सुरू आहे. उजाड डोंगर, चोवीस कमानींचा रिबलहेडचा पूल, ब्ली मूरचा लांबलचक बोगदा, आणि समुद्रसपाटीपासून ११६९ फुटांवर असलेला एस गिलचा माथा. तो बांधताना अनेक मजूर अपघातांनी आणि देवीच्या साथीने दगावले. वाटेवरच्या छोट्या दफनभूमीत ते विसावले आहेत. वाफेचे इंजिन पाहावे ते इथेच, असे जाणकार म्हणतात.

ट्रेसी १९७६ मध्ये निवृत्त होऊन केझिकजवळ, सरोवरांच्या प्रदेशात राहायला गेले होते. निवृत्तीच्या समारंभात आता पुढे काय, हा प्रश्न प्रत्येकाला विचारतात. मलाही विचारला होता. ट्रेसींना उत्तर शोधावे लागले नसेल. १३ मे १९७८ रोजी ते ॲपलबी स्थानकावर गेले. या मार्गावरच्या सहलीच्या गाडीला त्या दिवशी ‘ईव्हनिंग स्टार’ जोडले होते. पाच वर्षांत मोडीत निघालेले ते इंजिन पुन्हा डोंगर चढणार होते, आणि सत्तरीचे बिशप त्याचा फोटो काढण्यासाठी फलाटावर वाट बघत होते. तिथेच ते कोसळले आणि त्यांची जीवनयात्रा संपली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली ती ॲपलबीच्या रेल्वे स्थानकातच. हजारो लोक आले आणि त्यांच्यासाठी वाफेच्या खास गाड्या सोडल्या गेल्या. बिशपसाठी माणसे फलाटावर जमून प्रार्थना करतात, असे क्वचितच घडले असेल.

पुढे हा मार्गच बंद करण्याचा घाट घातला गेला; लोक वर्षानुवर्षे लढले आणि १९८९ मध्ये तो वाचला. वाफेच्या सहलीच्या गाड्या आजही त्यावरून जातात. ‘ईव्हनिंग स्टार’ राष्ट्रीय संग्रहात आहे. ट्रेसींची सुमारे १२,००० छायाचित्रे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपली आहेत. ॲपलबीच्या फलाटावर त्यांच्या नावाची पाटी आहे. गाडी पाण्यासाठी वा विश्रांतीसाठी तिथे थांबली, की कॅमेरे सरसावून माणसे उतरतात, इंजिनाकडे धावतात. त्यांतला एखादा जाणता आधी ड्रायव्हर-फायरमनजवळ जातो, दोन शब्द बोलतो आणि मगच कॅमेरा डोळ्याला लावतो. ट्रेसींची रीत त्याच्यापर्यंत पोचलेली असते.