सूत्रधार कै. विष्णुदास भावे

पिरंगुटहून पौड रस्त्याने कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात नाटक पाहावयास जाण्याचा प्रघात आपल्या सभासद कुटुंबांत आता चांगलाच रुळला आहे. ज्या धंदेवाईक मराठी रंगभूमीचे आपण असे सुखाने प्रेक्षक होतो, तिचा पाया घालणारे सांगलीचे कै. विष्णु अमृत भावे यांचे नाव थोरामोठ्यांस ठाऊक असतेच. परंतु हेच विष्णुदास कळसूत्री बाहुल्यांचे कुशल कारागीर व खेळकर्ते होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानी आलेली असते. म्हणून त्यांचे चरित्र आज त्या बाजूने सांगावयाचे योजिले आहे.

सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयास विष्णुपंत होते. पोथ्यांपेक्षा हस्तकौशल्यात त्यांचा जीव अधिक रमे. लाकूड कोरून त्यांनी बाहुल्या घडविल्या, त्यांस वस्त्रालंकार चढविले आणि सीतास्वयंवराचे आख्यान त्यांच्याकरवी दाखविले. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. बाहुलीच्या मस्तकास व हातांस बांधलेली सूत्रे वरून एकाच माणसाच्या बोटांत असतात. सूत्र अंमळ अधिक ताणले, तर राम धनुष्य उचलण्याऐवजी स्वतःच अधांतरी उचलला जावयाचा! शिवाय बाहुलीस वाणी नाही. तिचे हसणे, रडणे, रागावणे सारे खेळकर्त्याच्या गळ्यातून यावे लागते. हा खेळ आपल्याकडे फार जुना. ज्ञानेश्वरीतदेखील ‘साइखडें’ या नावाने कळसूत्री बाहुलीचा दृष्टान्त येतो. नाटकातील सूत्रधार हा शब्दच मुळी बाहुल्यांच्या दोऱ्यांवरून आला, असे काही विद्वानांचे मत आहे. विष्णुदासांचे आयुष्य पाहिले म्हणजे ते मत मनास पटू लागते.

१८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून आप्पासाहेबांनी, यांहून अधिक व्यवस्थित खेळ मराठीत करावे, अशी आज्ञा विष्णुदासांस केली. त्याप्रमाणे १८४३ साली सीतास्वयंवराचा प्रयोग जिवंत नटांकडून सांगलीत झाला. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याचेच स्मरण होय. या खेळाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. पदे सारी विष्णुदासांनी रचावयाची, सूत्रधाराच्या नात्याने ती गावयाची, आणि नटांनी त्या धोरणाने हावभाव करून आयत्या वेळी सुचेल ते भाषण करावयाचे. गणपती, सरस्वती, विदूषक, राक्षस कोणीही येवो, कथेची दोरी एकाच्याच हाती! बाहुल्यांच्या खेळातलीच ही रीत. आमच्या मते विष्णुदासांनी लाकडाच्या जागी माणसे आणली खरी, पण बोटांतील सूत्रे काही सोडली नाहीत.

मात्र माणसांचा संसार लाकडाच्या बाहुल्यांसारखा नसतो. बाहुली पेटीत निजते. तिला वेतन, जेवण, मानपान काही लागत नाही. नटांस हे सर्व लागते. त्यातून चांगल्या घरच्या मुलांनी तोंडास रंग फासावा, पुरुषाने स्त्रीवेष घ्यावा, हे त्या काळी प्रतिष्ठेचे मानीत नसत. राजाश्रय होता तोवर हे निभावले. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि विष्णुदासांवर कर्जाची व पोटाची चिंता एकदमच येऊन पडली. तेव्हा मंडळी घेऊन ते गावोगाव फिरू लागले. १८५३ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट रोडवरील नाटकगृहात खेळ केला. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावावयास तेव्हा अजून महिना होता. यावरून पाट्या-पडद्यांसह त्या प्रवासाचे कष्ट किती असतील, ते वाचकांनीच ताडावे. नाटक हा पोट भरण्याचा धंदा होऊ शकतो, हे या दौऱ्यांनी सिद्ध केले.

पण धंदा दिसला की भागीदारही दिसतात आणि प्रतिस्पर्धीही. अळतेकर, इचलकरंजीकर इत्यादी मंडळ्या निघाल्या आणि सांगलीचीच तऱ्हा उचलून गावोगावी खेळ करू लागल्या. ज्याने वाट पाडली त्यास त्या वाटेवर गर्दी सोसावी लागली. १८६२ च्या सुमारास विष्णुदासांनी नाटकधंदा सोडला. पुढे १८८५ साली त्यांचा नाट्यकवितासंग्रह छापून निघाला. त्यामुळेच त्यांची आख्याने आज आपणांस वाचावयास मिळतात. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. जनकपणाचा मान त्यांस पुढे भरपूर मिळाला. सांगलीस त्यांच्या नावाचे गौरवपदक ज्येष्ठ नटांस देण्याची प्रथाही पडली. बाहुल्या मात्र या गौरवात मागेच राहिल्या, याची रुखरुख वाटते.

नाटकाचा प्रयोग पडद्याबरोबर संपतो. विष्णुदासांचा गळा, त्यांच्या नटांचे हावभाव यांतले आज काहीच उरलेले नाही. उरल्या आहेत त्या त्यांनी कोरलेल्या बाहुल्या. आपटे कुटुंबाने त्या सांभाळल्या, आणि पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी डागडुजी करून, नवी सूत्रे बांधून त्यांस पुन्हा रंगमंचावर आणले. शतकाहून अधिक वयाच्या त्या लाकडी सीतेने पुन्हा एकदा प्रेक्षकांसमोर वरमाला उचलली.