विश्लेषण : लष्करी परिचारिकेच्या अर्जाआधी घरची परवानगी… रमाबाई रानडे यांनी नर्सिंगची वाट कशी मोकळी केली?

नाशिकच्या नर्सिंग कॉलेजांमध्ये शिकणाऱ्या अनेक मुलींच्या मोबाइलमध्ये एक अर्ज अर्धवट भरून ठेवलेला असतो : मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा. लेफ्टनंटचा हुद्दा, गणवेश, पगार, देशभर बदल्या. बहुतेकींना पात्रतेच्या अटी पाठ असतात. गाडी अडते ती घरात. रात्रपाळी, पुरुष रुग्ण, दूरचे पोस्टिंग, लग्नाचे काय, असे प्रश्न सुरू होतात. सव्वाशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न पुण्यात विचारले जात होते आणि त्यांना तोंड देणाऱ्या बाईंची पहिली सार्वजनिक हजेरी नाशिकमध्येच लागली होती. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाई रानडे कोण होत्या?

झी मराठीवरील ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे रमाबाई आजच्या पिढीला परिचित आहेत. त्यांचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. घरात मुलींना शिकवण्याची पद्धत नव्हती. 1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, पहिली पत्नी वारलेले, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमते घ्यावे लागले आणि त्यांनी एका लहान मुलीशी लग्न केले. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. त्यांनी मग बायकोला शिकवायचे ठरवले आणि अक्षरओळखीपासून सुरुवात केली.

नवरा शिकवतो म्हणून रमाबाईंचे शिकणे सोपे झाले नाही. दिवसभर त्यांचा वावर घरातल्या बायकांमध्ये होता आणि सासरच्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेच्या हातात पुस्तक खपत नव्हते. टोमणे, अबोला, कामात मुद्दाम अडवणे हे रोजचेच. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि शिकणेही सोडले नाही. घर तुटू न देता आपले पुढे चालू ठेवायचे ही सवय त्यांना तिथेच लागली आणि पुढे संस्था चालवताना ती कामी आली.

नाशिकशी त्यांचा संबंध काय?

1878 मध्ये रानडे यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. पुण्यातल्या मोठ्या घरातून बाहेर पडल्यावर रमाबाईंना प्रथमच थोडी मोकळीक मिळाली. त्याच सुमारास त्यांचे इंग्रजी शिकणे सुरू झाले. लोकहितवादी म्हणून ओळखले जाणारे गोपाळराव देशमुख तेव्हा नाशिकमध्ये न्यायाधीश होते. त्यांच्या साथीने गावातील प्रतिष्ठित घरांतल्या बायकांना एकत्र आणण्याचा बेत ठरला आणि त्यासाठी निमित्त निवडले हळदीकुंकवाचे. बायकांनी सभेला यावे असे म्हटले असते तर कोणी घरातून पाठवले नसते. हळदीकुंकवाला मात्र कोण नाही म्हणणार? बायका जमल्या की शिक्षणाचा विषय निघे.

नाशिकच्या हायस्कुलातील एका समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून रमाबाई गेल्या, ती त्यांची पहिली सार्वजनिक हजेरी. भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. रमाबाईंनी तेव्हा विशीही गाठलेली नव्हती.

घरचा विरोध किती होता?

पुण्याला परतल्यावर तो वाढला. 1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांची व्याख्याने आणि आर्य महिला समाजाच्या बैठका सुरू झाल्या. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या, तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. दोन वर्षांनी मुलींच्या हायस्कूलची मागणी पुढे आली, तेव्हा गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंनी केले. त्या खटाटोपातून 1884 मध्ये उभी राहिलेली शाळा म्हणजे पुण्याची हुजूरपागा.

1893 मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि मुक्काम मुंबईला हलला. तिथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा क्लब काढला. भाषण, विणकाम, शिवण असे वर्ग घेतले. 16 जानेवारी 1901 रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा 38 वर्षांच्या होत्या. त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत.

नर्सिंगकडे त्या कशा वळल्या?

बाहेर पडल्या त्या थेट तुरुंगात आणि रुग्णालयात. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना त्या भेटू लागल्या. रुग्णालयात फळे, फुले, पुस्तके घेऊन रुग्णांजवळ बसू लागल्या. रुग्णाच्या उशाशी कोणीतरी जाणते माणूस असणे किती गरजेचे आहे, हे तिथे रोज दिसत होते. दुसरीकडे वाड्यावाड्यांत तरुण विधवा कोंडल्यासारख्या जगत होत्या. त्यांच्याकडे वेळ होता, सोसण्याची ताकद होती. पोटापाण्याचे साधन आणि मान या दोन गोष्टी मात्र नव्हत्या.

1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले आणि रमाबाईंना अध्यक्ष केले. 1909 मध्ये पुणे सेवासदन रमाबाईंच्याच वाड्यात सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे मुख्य सहकारी होते. शिवण, शिक्षिका प्रशिक्षण यांबरोबर परिचारिकांचे शिक्षण हा सेवासदनचा मोठा विभाग ठरला. विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी पाठवले जाऊ लागले.

नर्सिंगला एवढा विरोध का होता?

परिचारिकेचे काम त्या काळच्या सोवळ्याच्या प्रत्येक नियमाला धक्का देणारे होते. कोणत्याही जातीच्या रुग्णाला हात लावायचा, पुरुषाचे अंग पुसायचे, रक्त-मलमूत्र साफ करायचे, रात्री घराबाहेर राहायचे. बाळंतपणाचे काम सुईण करी, तेही समाजाने हलके ठरवलेले. त्यामुळे प्रशिक्षित परिचारिका बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत. हिंदू घरातली बाई, त्यात विधवा, नर्स होणार म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असेच मानले जाई.

रमाबाईंनी यावर भाषणांपेक्षा व्यवस्थेतून उत्तर शोधले. राहायला वसतिगृह, जेवणाची सोय, देखरेखीला जबाबदार बाई आणि सगळ्यावर रानड्यांच्या पत्नीचे नाव. आईबापांना आणि सासऱ्यांना मुलगी ‘परक्यांत’ जात नाही असे वाटले पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. हळदीकुंकवातून सभा भरवणाऱ्या बाईंची ही जुनीच रीत.

तरीही एक प्रसंग टळला नाही. सेवासदनच्या वार्षिक समारंभात बक्षीस घेण्यासाठी एक केशवपन केलेली विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर चढली. वरच्या सज्जात बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी तिची हुर्यो उडवली. समारंभ तसाच चालू राहिला. शेवटी आभार मानायला रमाबाई उभ्या राहिल्या आणि एरवी शांत असणाऱ्या या बाईंनी त्या मुलांना भर सभेत खडसावले. आपल्याच दुर्दैवी बहिणींबद्दल ज्यांना सहानुभूती नाही, त्यांनी स्वतःला शिकलेले म्हणवून घेऊ नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

मग यात लष्कर कुठे येते?

रमाबाईंनी लष्करी परिचारिकांचे वर्ग काढले नव्हते. पण आधुनिक नर्सिंगचा उगमच लष्करी रुग्णालयातला आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनाही घरच्यांनी वर्षानुवर्षे नर्स होऊ दिले नव्हते. 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांचे हाल वृत्तपत्रांतून कळले, तेव्हा जाण्याची तयारी दाखवणारे त्यांचे पत्र आणि त्यांनी जावे अशी विनंती करणारे मंत्री सिडनी हर्बर्ट यांचे पत्र टपालात एकाच वेळी प्रवास करत होते. 38 जणींना घेऊन त्या तुर्कस्तानात पोहोचल्या. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाचे नर्सिंगचे विद्यालय सुरू झाले. सेवासदनच्या दोन्ही संस्थापकांना त्या अपरिचित नव्हत्या : दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राच्या 1892 मधील आवृत्तीला नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे.

भारतात लष्करी रुग्णालयांसाठी प्रशिक्षित परिचारिकांची पहिली तुकडी 1888 मध्ये मुंबई बंदरात उतरली. त्या सगळ्या ब्रिटिश होत्या आणि त्यांचे काम ब्रिटिश सैनिकांसाठी होते. पहिल्या महायुद्धात जखमींची संख्या वाढली, तसे भारतीय परिचारिकांना घेणे भाग पडले. नाशिकजवळचे देवळाली तेव्हा मोठे लष्करी ठाणे होते आणि तिथे युद्धकाळात लष्करी रुग्णालय होते. 1 ऑक्टोबर 1926 रोजी भारतीय सैनिकांसाठी कायमस्वरूपी परिचर्या सेवा सुरू झाली. 1943 च्या अध्यादेशाने तिला सैन्यदलाचा भाग म्हणून आणि परिचारिकांना अधिकारी म्हणून दर्जा मिळाला. 1976 मध्ये याच सेवेतील गर्ट्रूड अॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत हा हुद्दा मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

रमाबाईंनी हे पाहिले नाही. अखेरच्या वर्षांत त्या मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटत होत्या. 1924 मध्ये त्यांचे निधन झाले. 1962 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. लष्कराने भारतीय परिचारिकांसाठी दार उघडले, तेव्हा आत जाण्याइतक्या शिकलेल्या आणि घरून निघू शकणाऱ्या मुली असणे गरजेचे होते. मराठी घरांपुरते तरी तो उंबरठा ओलांडण्याची सवय लावणाऱ्यांत रमाबाई आघाडीवर होत्या.

आज अर्ज करण्याचे मार्ग कोणते?

मुख्य मार्ग दोन. पहिला बारावीनंतरचा : पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासह लष्कराच्या नर्सिंग महाविद्यालयांत चार वर्षांचे बीएस्सी नर्सिंग. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, ‘नीट’चे गुण पाहिले जातात, पुढे मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. शिक्षणाचा खर्च सरकार करते, त्या बदल्यात सेवेचा करार लिहून द्यावा लागतो. पुण्याचे हे महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

दुसरा मार्ग नागरी कॉलेजातून शिकणाऱ्यांसाठी : पदवी घेऊन परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशन. जानेवारी 2024 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय चाचणी संस्थेने संगणकावर परीक्षा घेतली होती. जाहिरात दरवर्षी ठरलेल्या तारखेला येतेच असे नाही आणि अटी बदलतात. म्हणून कॉलेजात असतानाच गुणपत्रके, जन्मदाखला, नोंदणीची कागदपत्रे तयार ठेवावीत, डोळे-दात-वजन तपासून घ्यावे आणि अर्ज फक्त अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. ‘सिलेक्शन करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नये.

जुने प्रश्न संपले का?

पूर्ण नाही. लग्न केले म्हणून 1988 मध्ये एका लष्करी परिचारिकेला सेवेतून काढण्यात आले होते. तिचा लढा तीन दशकांहून अधिक चालला. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम स्त्री-पुरुष भेद करणारा ठरवला आणि तिला 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रमाबाईंच्या विद्यार्थिनीची हुर्यो नवरा नसल्यामुळे उडवली गेली, तर या अधिकारी महिलेची नोकरी नवरा केल्यामुळे गेली. दोन्ही वेळा रुग्णाची सेवा किती चांगली होते, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

दुसरी बाजूही आहे. लष्कराच्या बीएस्सी नर्सिंग प्रवेशाच्या अलीकडच्या जाहिरातींत पात्र उमेदवारांमध्ये अविवाहित मुलींबरोबर घटस्फोटित आणि कौटुंबिक जबाबदारी नसलेल्या विधवांचाही उल्लेख असतो. अर्ज भरताना ती ओळ बहुतेकजणी न वाचताच पुढे सरकतात. सेवासदनच्या त्या व्यासपीठावर चढलेल्या बाईला मात्र ती थांबून वाचावीशी वाटली असती.